गादीला पाय लावायचा नाही

बाबुराव कासारे यांच्या अंगी एक गुण होता आणि एक दोष. गुण असा, की ते कुणाच्याही कामाला नाही म्हणत नसत. दोष असा, की मग ते काम खरोखरच करायला जात. काळाचौकीच्या 'नवजीवन व्यायाम मंदिरा'चं चिटणीसपद त्यांच्या गळ्यात पडलं ते गुणामुळे. पुढे जे झालं ते दोषामुळे.

वडाळ्याच्या मालधक्क्यावर ते कारकून होते. आलेला माल आणि उतरलेला माल जुळला की त्यांना शांत झोप लागे. माणसांच्या बाबतीत असं काही जुळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते प्रयत्न सोडत नसत.

त्या वर्षी एक मेला मुंबईसह महाराष्ट्र होणार, हे नक्की झालं होतं. गिरणगावातल्या प्रत्येक गल्लीला आपलं राज्य आपल्याच नाक्यावर जन्माला येणार असल्यासारखं वाटत होतं. व्यायाम मंदिराने ठरवलं, मैदानावर कसरतींचा कार्यक्रम करायचा. शेवटचा नंबर शैलाचा. शैला म्हणजे बाबुरावांची मुलगी. तिने धावत यायचं, उसळत्या फळीवरून लाकडी घोडा ओलांडायचा, हवेत एक कोलांटी घ्यायची आणि दोन्ही पायांवर उतरून हात वर करायचे. हात वर होताच अध्यक्ष नाना परब यांनी 'जय महाराष्ट्र' म्हणायचं. यातल्या शेवटच्या भागाची तालीम नानांनी एव्हाना पुष्कळ केली होती.

शिकवायला कास्मीर मास्तर होते. परळचे जुने ख्रिस्ती, एका शाळेतून कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या गळ्यात क्रूस आणि शिटी एकाच दोरीत असे. दोन्हींचा उपयोग पोरं वाचवायला होतो, असं त्यांचं म्हणणं. फक्त शिटी जरा लवकर ऐकू येते.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी पोरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी सामान पाहिलं. डबल बारची एकेक चावी पिरगाळली. दोराला लोंबकळून वर कान दिला. घोडा दोन्ही हातांनी हलवला.

"याला संधिवात झालाय," ते म्हणाले. "मागचा पाय बसवून घ्या." मग घोड्याच्या पलीकडे गेले. तिथे शहाबादी फरशीवर एक गोणपाट पसरलेलं होतं. "आणि हे काय?"

"इथे पोरं पडतात," नाना अभिमानाने म्हणाले.

"पडतात नाय नाना, उतरतात. आणि उतरायला गादी पायजे. जाड, चांगली ठोकून भरलेली. गादी नाय तर कोलांटी नाय." मास्तरांनी शिटी वाजवली. म्हणजे विषय संपला.

"आमच्या वेळेला कसली गादी रे मेल्या?" मास्तरांची पाठ वळल्यावर नाना बाबुरावांना म्हणाले. "आम्ही पडायला लागलो की जमीनच म्हणायची, सांभाळून बाबा!"

नानांचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. त्याचं श्रेय ते मोर्चातल्या लाठीमाराला देत. चाळीतले जुने लोक डबल बारला देत.

आता बाबुरावांची अडचण समजून घ्यायला हवी. चिटणीस म्हणून गादी आणणं त्यांचं कर्तव्य होतं. बाप म्हणून ती मिळाली नाही तर त्यांना हवंच होतं. पोरगी घोड्यावरून हवेत फिरणार, या विचाराने माल जुळला तरी त्यांना झोप लागेना. एका संध्याकाळी हे त्यांनी बायकोला, कौसल्येला, हळूच सांगितलंही. "अगं, गादी नाही मिळाली तर बरंच की. आपोआप नंबर रद्द."

पडद्यामागून शैला बाहेर आली. "बाबा, गादी आणा. नाहीतर मी तशीच मारीन."

"तुझ्यावरच गेलीय," बाबुराव बायकोला म्हणाले.

"मी कधी घोड्यावर चढले?" कौसल्या म्हणाली. "तुमच्या आईवर गेलीय."

आई, म्हणजे सुंदराबाई, कोपऱ्यात सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता थांबवला नाही, म्हणजे आरोप मान्य होता.

बाबुराव कचेरीत गेले. कुठल्या ते सांगण्यात अर्थ नाही, सगळ्या सारख्याच होत्या. खिडकीतल्या गृहस्थाने विचारलं, "गादी? झोपायची का?"

"नाही, पडायची."

"पडायची म्हणजे आजारी माणसाची. ती आरोग्याकडे. वरचा मजला."

वरच्या मजल्यावर विचारलं, "पेशंट कुठाय?"

"पेशंट अजून झालेला नाही. होऊ नये म्हणूनच गादी हवी आहे."

"मग झाल्यावर या," असं सांगून त्या माणसाने चहाची बशी तोंडाला लावली. बाबुरावांना राग आला नाही. स्वतः कारकून असल्यामुळे उत्तर किती निर्दोष आहे, हे त्यांना कळत होतं.

मग सल्ले सुरू झाले. चाळीत सल्ल्याला कधी टंचाई नसते. एकाने पेंढा सुचवला, दुसऱ्याने लाकडाचा भुसा, तिसऱ्याने काथ्या. मंदिराच्या कमिटीवरचे कुशाबा म्हणाले, "पोरीला उतरायला लागतंच कशाला? नुसतं चढून दाखवू दे." शेजारच्या जर्ट्रूडबाईंनी मात्र काही न बोलता आपली जुनी गादी उचलली आणि बाबुरावांच्या दारात आणून टाकली. एकीने दिली म्हटल्यावर दुसरीला राहवेना. दुपारपर्यंत जिन्यात गाद्यांची चळत लागली. ज्यांनी त्यांनी अर्थात आपल्या घरातली सर्वांत वाईट गादीच दिली होती, पण देताना प्रत्येकीच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की जणू आज रात्रीपासून त्यांचं कुटुंब फरशीवर झोपणार.

पिंजारी आला, धनुकलीची तार वाजू लागली. ज्या घरांतून पाण्याचा पेलाही एकमेकांकडे जात नव्हता, त्यांचा कापूस अंगणात असा काही एक झाला, की कुणाचा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ब्रह्मदेवाशी बाबुरावांचा संबंध बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तुटला होता, पण दृश्य पाहून त्यांचे डोळे भरून आले. रात्री ते अंगही खाजवू लागले. माणसांच्या आधी चाळीतल्या ढेकणांचं एकीकरण झालं होतं. पुढचे काही दिवस कापूस गच्चीवर उन्हात आणि बाबुराव कडुनिंबाचा पाला घेऊन त्याच्या राखणीला, असा संसार चालला.

राहिली खोळ. एवढ्या जाड गादीला दणकट कापड हवं. तिथे नाना धावून आले. मोर्चात धरायचा फलक त्यांच्याकडे होता: जाडजूड दुहेरी मांजरपाट, दोन बांबूंमध्ये ताणला तर रस्ता भरेल असा. वारा, पाऊस, धक्काबुक्की, सगळं त्याने सोसलेलं. "आता त्याचं काम संपत आलंय," नाना म्हणाले. "पोरांच्या उपयोगी पडू दे."

त्यावर हाताएवढ्या तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.'

बाबुरावांनी कापड धोंडू शिंप्याकडे दिलं आणि सांगितलं, "अक्षरं आत घे बरं का." एवढं सांगून ते निर्धास्त झाले. शिंप्याला सांगून निर्धास्त होणाऱ्या माणसाची कीव करावी तेवढी थोडी.

गादी भरून, ठोकून, टाके घालून आली तेव्हा चार जणांनी ती खांद्यावरून आणली. मंदिरात उलगडली आणि सगळे बघतच राहिले. वरच्या अंगाला डौलदार 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र', उलटली तर 'झालाच पाहिजे'.

"धोंडू, अक्षरं आत घे म्हटलं होतं ना?"

"आत?" धोंडूच्या चेहऱ्यावर दुःख उमटलं. "बाबुराव, माझा मेव्हणा जेलात गेला होता यासाठी. अशी अक्षरं आत घालून शिवू? बघा, शिवण कशी फिरवलीय. एक कानामात्रा दुमडू दिला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सुंदराबाई पुढे आल्या. पन्नाशीत रात्रीच्या वर्गात जाऊन त्या अक्षरं शिकल्या होत्या. त्यांच्या आधी त्या घरात बाईमाणसाला अक्षर ठाऊक नव्हतं. त्या गुडघे टेकून बसल्या, एकेका अक्षराखाली बोट फिरवत वाचत गेल्या. वाचून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. नानांनी कुठूनसा हार आणून घातला. बाबुरावांना वाटलं, आयुष्यात एक तरी काम आपण पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी तालीम सुरू झाली.

पहिला नंबर दगडूचा, नुसती साधी उडी. तो धावत आला, घोडा ओलांडला, आणि हवेतल्या हवेत पाय असे काही आखडले, की गादी चुकवून पलीकडे फरशीवर सपकन आपटला. उठला आणि आधी गादीला हात लावून छातीला लावला. म्हणे, टाच लागली वाटतं.

मास्तरांना वाटलं, पोराचा अंदाज चुकला. दुसरा आला. तो गादीच्या डाव्या अंगाला पडला. तिसरा उजव्या. चौथ्याने तर फळीवरून उडी मारताच घोड्यालाच मिठी मारली आणि उतरायचं नाकारलं.

"काय रे, गादीत करंट सोडलाय काय?" मास्तर ओरडले. "गादीवर उतरा, मॅन! गादी चुकवून जमिनीवर काय जाता?"

"मास्तर, त्याच्यावर नाव आहे," दगडू म्हणाला. "पाय कसा लावायचा?"

हिशेब करा. गोणपाट होतं तेव्हा पोरं निदान गोणपाटावर पडत होती. आता सुरक्षेची गादी आल्यापासून ती तिच्यापलीकडे, नुसत्या फरशीवर पडत होती. मास्तरांच्या सबंध नोकरीत असं झालं नव्हतं, की पोरं वाचवायची वस्तू पोरांपासून वाचवावी लागावी.

संध्याकाळी कमिटी बसली. बाबुरावांनी सुचवलं, वर एक चादर टाकू.

"चादर?" मास्तर उभेच राहिले. "पाय ठेवला आणि चादर सरकली तर? मोकळं कापड गादीवर कधी ठेवायचं नाय. त्यापेक्षा फरशी बरी, ती निदान जागची हलत नाय."

"रंग देऊ," धोंडू म्हणाला.

"कुठला?"

"त्या तेलाच्या रंगावर दुसरा बसणार नाय. काळाच लागेल."

"संयुक्त महाराष्ट्राला काळं फासायचं?" कुशाबा असे किंचाळले, की खालच्या पानवाल्याने वर पाहिलं. "एवढी वर्षं जे विरोधकांना जमलं नाही, ते आपण करायचं?"

शिवण उसवायची तर टाके आरपार; सगळी गादी नव्याने भरावी लागेल, आणि पिंजारी गावाला गेलेला. शेवटी नानांनी तोडगा काढला. "एक मेला महाराष्ट्र होतो. झाला की 'झालाच पाहिजे' ही मागणी पुरी. पुरी झालेल्या मागणीवर पाय ठेवायला हरकत नाय. तवर थांबायचं."

"आणि प्रॅक्टिस?"

"ती दोन मेपासून करा."

मास्तरांनी शिटीची दोरी मुठीत आवळली. "मग ऐका. शैलाचा नंबर रद्द. उद्यापासून घोडा ओलांडायचा नाय कुणी. नुसतं धावणं आणि फळी."

हे ऐकून बाबुरावांना हायसं वाटायला हवं होतं. हेच तर त्यांना हवं होतं! पण घरी गेले तर शैला भिंतीकडे तोंड करून बसलेली. जेवली नाही. तेव्हा त्यांना स्वतःचीच चीड आली. देव सोडले, नवस सोडले, नारळ सोडले. आणि चार अक्षरांवर पाय ठेवा, असं पोरीला सांगायला जीभ उचलेना. सांगणार तरी कसे? जमिनीवर पडलेल्या कागदाला चुकून पाय लागला तरी कागद कपाळाला लावायचा, हे त्यांना त्यांच्या आईनेच शिकवलं होतं, आणि तेही तिला तो कागद वाचता येत नव्हता तेव्हा.

दुसऱ्या दिवशी ते कामावरून परस्पर मंदिरात गेले. तालीम चालू होती. नाना खुर्चीशेजारी उभे राहून 'जय महाराष्ट्र'चा सूर लावत होते. सुंदराबाई नातीसाठी चिवड्याची पुडी घेऊन दाराशी बसल्या होत्या. मास्तर डबल बारवर एका लहान पोराची कंबर धरून होते. बाबुराव घोड्याच्या पलीकडच्या दाराने आत शिरले, आणि त्यांना समोर, रांगेच्या टोकाला, शैला दिसली.

तिने कमरेची ओढणी घट्ट केली आणि धावायला सुरुवात केली.

ती नुसती फळीपर्यंत येणार नाही, हे बापाला पहिल्या पावलातच कळलं. दुसरी गोष्टही कळली. मालधक्क्यावर इतकी वर्षं माल कुठे उतरणार, हे ते हमालाच्या नजरेवरून ओळखत आले होते. शैलाची नजर गादीवर नव्हती. गादीच्या पलीकडच्या फरशीवर होती.

मास्तरांची शिटी वाजली. शैला थांबली नाही. फळी दणाणली.

चार जणांनी आणलेली ती गादी बाबुरावांनी एकट्याने कशी ओढली, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. त्यांनी तिचा कान धरला आणि मागे खेचली. खेचताना तोल जाऊन एक पाय गादीवर पडला, मग दुसरा. वर पाहिलं तर शैला हवेत उलटी होती. मग सुलटी झाली. मग तिचे दोन्ही पाय गादीवर धप्पकन बसले आणि डोकं बाबुरावांच्या पोटात. चष्मा एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि बापलेक आडवे.

मास्तर धावत आले. "हलू नको. बोटं हलव. आता मान. दुखतंय?"

"नाही."

"नक्की?"

"नाही मास्तर. जमली ना पण?"

मास्तरांनी क्रूसाला हात लावला, लांब श्वास सोडला, आणि मग दोघांवर एकदमच कडाडले. "तुला कोणी सांगितलं उडी मारायला? आठ दिवस फळी बंद! आणि सेक्रेटरीसाहेब, उतरायच्या जागेवर माणूस उभा राहतो काय? तुमचं पोट जरा कमी असतं तर पोरीचे दात गेले असते!"

आपल्या पोटाचा असा जाहीर उल्लेख बाबुरावांना एरवी खपला नसता. आज त्यांनी तो बक्षिसासारखा घेतला. मग त्यांना जाणवलं, की सगळे त्यांच्या पायांकडे बघताहेत. त्यांनीही बघितलं.

पायात चपला होत्या. उजवी 'संयुक्त'वर, डावी बरोबर 'महाराष्ट्र'वर. मालधक्क्याच्या रस्त्याची माती अक्षरांवर उमटली होती.

"चपलेसकट!" कुशाबा पुटपुटले.

नाना पुढे आले. डोक्यावरची टोपी काढली, गादीकडे पाहिलं, शैलाकडे पाहिलं. आणि मग ते मटकन खाली बसले. थेट गादीवर. 'मुंबईसह'च्या वर.

"नाना!" कुशाबा ओरडले.

"ओरडतोस काय रे! पोर मेली असती माझ्या डोळ्यांदेखत!" नानांनी तोंडावरून हात फिरवला. "मी बसलोय. बसू दे."

दारातून सुंदराबाईंचा आवाज आला. "बसा बसा नाना. लोकांनी गोळ्या खाल्ल्या त्या काय पोरींनी दगडावर आपटावं म्हणून? अक्षरानं पोरीला झेललं. त्याच्यापरीस अक्षराचा मान तो कोणता?"

नाना बसल्या बसल्या गादी हाताने दाबून पाहू लागले. चांगली भरली होती. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं.

"काय रे, तालमीत उतरताना आपण लाल मातीला काय करतो? हात लावतो, कपाळाला लावतो, आणि मग तिच्यावरच दणादण नाचतो. ती काय आई नाय? मग गादीलाही तसंच. पाया पडा आणि पाय ठेवा!"

"नाना," बाबुराव चष्म्याची काडी वाकवत म्हणाले, "हे कालच्या मीटिंगमध्ये सुचलं असतं तर?"

"काल मी बसलो नव्हतो," नाना म्हणाले.

मास्तरांनी आठ दिवस फळी बंद ठेवलीच. नववा दिवस उजाडला आणि पोरं एकेक करून गादीला हात लावू लागली आणि तिच्यावर उतरू लागली. शैलाच्या कोलांटीला पहिल्यांदा मास्तर स्वतः हात देत, मग नुसते जवळ राहात, मग दोन पावलं लांब. बाबुराव दाराशी पाठ करून उभे राहायचे. पाठ करूनच त्यांना आवाज कळू लागला होता: फरशीचा सपकन, गादीचा धप्प.

कुशाबांचं समाधान मात्र झालं नव्हतं. त्यांनी कमिटीपुढे मागणी ठेवली, की चिटणिसांनी चपलेबाबत खुलासा करावा, आणि संबंधित चपला मे महिन्याच्या सभेपुढे पुरावा म्हणून ठेवाव्यात. बाबुरावांना हे फार लागलं. त्या रात्री त्यांनी त्या चपला तीनदा पुसल्या.

एक मेला संध्याकाळी मैदान फुललं होतं. दिवे, तोरणं, लेझमा, गुलाल. घोड्याचे चारही पाय मास्तरांनी दुपारी स्वतः हलवून पाहिले होते, आणि त्यानंतर घोड्याला कुणाला टेकूही दिलं नव्हतं. बाबुरावांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. गादी अगदी समोर. तिच्यावरचे मातीचे डाग कौसल्येने घासूनही पुरते गेले नव्हते. पुन्हा काही घडायला नको, म्हणून बाबुरावांनी चपला काढून दूर, शामियान्याच्या खांबाशी ठेवल्या.

शैलाचं नाव पुकारलं. तिने गादीला हात लावला, कपाळाला लावला आणि मागे मागे चालत गेली. मास्तरांनीही वाकून गादीला हात लावला, मग क्रूसाला.

बाबुरावांनी डोळे मिटले. पावलं ऐकू आली. फळी दणाणली. मग काहीच ऐकू येईना. एवढं मोठं मैदान, आणि काहीच नाही.

धप्प.

"जय महाराष्ट्र!" नाना गरजले आणि भरात दोन्ही हात वर गेले. डावासुद्धा. मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला.

"उघडा आता डोळे," कौसल्या म्हणाली. तिचेही ओले होते.

गर्दी ओसरल्यावर बाबुराव खांबाशी गेले. चपला नव्हत्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणीतरी नव्या राज्यात त्या घालून निघून गेलं होतं.

"बरं झालं बाबू," सुंदराबाई नातीचा हात धरून म्हणाल्या. "पुरावाच गेला. चल."

आणि गुलालाने लाल झालेल्या रस्त्यावरून बाबुराव अनवाणी घरी निघाले. वाटेत दिसेल त्याला आपण होऊन सांगत होते, "माझ्या चपला गेल्या हो!" लोकांना कळेना, हा माणूस एवढा खुशीत का आहे.